सहा संदर्भांचं वाक्य

सकाळी नऊ चाळीसला वाक्य असं होतं

१९८३ साली लालबागमधील एका चाळीत डॉ. हेरंब सबनीस यांच्या टायफॉइडच्या लसीची चाचणी झाल्यानंतर तीन मुलांचा मृत्यू झाला. [१] [२] [३] [४] [५] [६]

हे वाक्य कालिंदी गावडेचं. चार वर्षांपूर्वी इंटरनेटवरच्या मराठी मुक्तकोशात तिनं ते लिहिलं. मुक्तकोश म्हणजे कुणीही यावं, कुणीही लिहावं, कुणीही खोडावं. अट एकच, बोलाल त्याला छापील आधार द्या. पगार नाही, मानधन नाही. पोटासाठी ती दादरच्या एका प्रकाशनात मुद्रितं तपासते आणि उरलेला जीव कोशात घालते. आठ वर्षांत ती तिथली प्रचालक झाली होती, म्हणजे भांडणं सोडवणारी आणि वेळ पडली तर एखाद्याला दाराबाहेर काढणारी.

सबनीसांचा लेख तिनं सोनाराच्या काट्यावर तोलला होता. स्वस्त लस काढून लाखो जीव वाचवले, त्याला एक परिच्छेद. चाळीतली चाचणी आणि तीन मुलं, त्याला एक परिच्छेद. डॉक्टरांचे भक्त तिला विकली गेलेली म्हणत, डॉक्टरांचे वैरीही तेच म्हणत. दोन्हीकडून शिव्या येतात म्हणजे आपण बरोबर मधोमध उभ्या आहोत, अशी तिची समजूत होती.

आज सकाळी सबनीस गेले. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, झोपेत. साडेनऊपर्यंत लेख चाळीस हजार लोकांनी उघडला होता.

आणि फोन. श्रेया. कॉलेजची मैत्रीण, आता एका दैनिकात.

"कालिंदे, तुझं ते वाक्य उचलतेय हां मृत्युलेखात. तीन मुलांचं. सहा संदर्भ आहेत म्हणजे डोळे मिटून घेते."

"डोळे मिटून नको घेऊस."

"अगं, बोलायची पद्धत आहे. संध्याकाळी सहाला पान छापायला जातं माझं. तू पाहिलेस ना सगळे?"

"पाहिलेत," कालिंदी म्हणाली.

पाच पाहिले होते. पहिला नाही. पहिला एका बंद पडलेल्या साप्ताहिकाचा फेब्रुवारी १९८३चा अंक. तो कुठं मिळाला नव्हता, म्हणून दुसऱ्या संदर्भात जसा दिला होता तसा तिनं उतरवून घेतला. असं सगळेच करतात. तरी फोन ठेवल्यावर तिला चैन पडेना. दादरच्या ग्रंथालयात जुन्या अंकांचं काम बघणारा राजस ओळखीचा होता. त्याला तिनं मेसेज टाकला: आजच हवंय रे, प्लीज.

दहा पंचवीस

राजसनं पानाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, "हे घे तुझं ब्रह्मवाक्य."

पानावर लेख नव्हताच. एक छायाचित्र होतं. चाळीच्या दारातला काळा फळा, त्यावर खडूनं लिहिलेलं. वर:

*डॉ. सबनीस यांनी आपल्या पारखे चाळीतील ४२ मुलांना टायफॉइडची लस टोचली. पुढील डोस महिन्याने.*

आणि त्याखाली:

*शेवंती, आनंदा, मनू. तिघा बाळांची शोकसभा आज सायंकाळी ६ वाजता, पटांगणात.*

छायाचित्राखाली साप्ताहिकानं एवढंच छापलं होतं: "लालबागच्या एका चाळीचा फळा बोलतो आहे."

कालिंदीनं फोटो मोठा केला. चाळीचं नाव वाचलं. मग अक्षर बघितलं. शाळेच्या प्रत्येक वहीवर, प्रत्येक पुस्तकाच्या कव्हरवर, "कु. कालिंदी आत्माराम गावडे, इयत्ता अमुक" याच अक्षरात लिहिलेलं असायचं.

पारखे चाळ पाडून तिथं उभ्या राहिलेल्या टॉवरच्या सतराव्या मजल्यावर ती या क्षणी बसली होती. तिचा जन्म १९८३ नंतरचा, आणि चाळीत त्या तिघांचं नाव कुणी काढलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. आणि अक्षराचा मालक पलीकडच्या खोलीत ताटात भिजवलेले वाल सोलत होता.

पलीकडची खोली

"अप्पा, हे बघा."

अप्पांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. सत्त्याहत्तर वय. गिरणी गेली, चाळ गेली, बायको गेली. अक्षर आणि आवाज राहिला. गणपती मंडळाच्या बैठकीत आजही त्यांच्या शब्दावर कुणी बोलत नाही.

"माझोच फळो!" त्यांचा चेहरा उजळला. "खय गावलो तुका? अक्षर बघ, छापल्यासारखं. रोज सकाळी सहाला लिहायचो. पाण्याची वेळ, संपाची बातमी, कोण गेलं, कोण जन्मलं."

"लसीनं तीन मुलं गेली असं तुम्ही लिहिलंत?"

"असं कुठं लिहिलंय?"

तिनं पुन्हा वाचलं. कुठंच लिहिलं नव्हतं.

"मग कशानं गेली?"

"बुडान. शिवडीच्या खाडीत."

"मग ते का नाही लिहिलं?"

"अगो, आदल्या दिवशी लिहिलेलं ना! मोठ्ठं. फळा रोज पुसायचा, नवं लिहायचं. आणि शोकसभेच्या सूचनेत कोण लिहिणार कशानं गेली म्हणून? अख्खी चाळ स्मशानात होती. माहीत असलेलं कोण लिहितं?"

वालाचं एक साल त्यांच्या बोटाला चिकटलं होतं. ते त्यांनी शांतपणे ताटाच्या काठाला पुसलं.

संदर्भ, उलटे

[६] करोनाच्या साथीत आलेला वृत्तपत्रीय लेख. आधार: [५].

[५] चळवळीतल्या एका कार्यकर्त्याचं पुस्तक. आधार: [४].

[४] प्रबंध. आधार: [३] आणि "सर्वश्रुत आहे."

[३] एका परिसंवादातलं भाषण. आधार: [२].

[२] १९९१चा दिवाळी अंक. यात पहिल्यांदा "लस टोचल्यानंतर तीन बालके दगावली" हे शब्द. आधार: [१].

[१] अप्पा.

साक्षीला सहा जण उभे केले होते. पाच जण शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलत होते आणि उरलेला काही बोललाच नव्हता.

चर्चा पान, तीन वर्षांपूर्वीचं

कोशात प्रत्येक लेखामागं एक चर्चेचं पान असतं. कालिंदीनं ते उघडलं. काय सापडणार हे तिला ठाऊक होतं, आणि तरीही एकेक ओळ चटका देत गेली.

*रघु:* शेवंती परब माझी बहीण. तिला लस टोचलीच नाही. हे वाक्य काढा.

*कालिंदी:* आपल्या दुःखाबद्दल आदर आहे. परंतु कोशात वैयक्तिक आठवण संदर्भ म्हणून चालत नाही. कृपया प्रकाशित स्रोत द्यावा.

*रघु:* मी तिथे होतो. मीच स्रोत.

*कालिंदी:* कृपया प्रकाशित स्रोत द्यावा.

*रघु:* ताई तुम्ही होता का तिथे?

यावर तिनं उत्तर दिलं नव्हतं. रघुनं ते वाक्य अकरा वेळा खोडलं. तिनं अकरा वेळा परत आणलं. बाराव्या वेळी तिनं त्याला कायमची बंदी घातली आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं: डॉ. सबनीस यांच्या बाजूने पैसे घेऊन लिहिणारा असावा.

असावा. त्या शब्दाला तिनं संदर्भ मागितला नव्हता.

अकरा पाच

मुलं बुडाली होती असं कालिंदीनं कळवल्यावर राजस आता स्वतःच पेटला होता. त्यानं १६ फेब्रुवारी १९८३च्या एका सायंदैनिकातल्या चार ओळी पाठवल्या. आतलं पान, जाहिरातीखाली: लालबागची तीन बालके शिवडीच्या खाडीत भरतीच्या वेळी चिखलात रुतून बुडाली, नावे समजू शकली नाहीत.

कालिंदीनं ते कात्रण चर्चा पानावर टाकलं आणि वाक्य काढून टाकलं. पूर्णविरामासकट.

अकरा नऊ

वाक्य परत आलं होतं. शेपटीला [७] लावून. सातवा संदर्भ म्हणजे आज सकाळी एका बातम्यांच्या साइटवर आलेला सबनीसांचा मृत्युलेख. तिनं तो उघडला. तिचंच वाक्य, शब्दाला शब्द.

परत आणणारा सौमित्र होता, कोशातला तिचा जुना जोडीदार. त्यानं नम्रपणे लिहिलं होतं: "कालिंदीताई, सात संदर्भ असलेलं वाक्य काढू नये. तुम्हीच शिकवलंत. बुडालेल्या मुलांच्या बातमीत नावं नाहीत, ती हीच कशावरून? आणि सबनीसांच्या स्वतःच्या शोधनिबंधात ४२ मुलांना लस दिल्याचं आहे. ती तिघं त्या ४२त नव्हती याला आधार?"

प्रश्न रास्त होता. तिनंही हाच विचारला असता. ती उठून पलीकडे गेली.

"अप्पा, डॉक्टरांच्या कागदावर बेचाळीस आहेत. तुमच्या फळ्यावर बेचाळीस. त्या तिघांना टोचलं होतं की नव्हतं?"

अप्पांचे हात वालात तसेच राहिले.

"एकूणचाळीस जणांना टोचलं."

"मग बेचाळीस कुठून आले?"

"सह्या बेचाळीस होत्या."

"आईबापांच्या?"

अप्पा खिडकीबाहेर बघू लागले. सतराव्या मजल्यावरून दिसतं ते फक्त समोरच्या टॉवरचं प्लास्टर.

"माझ्या," ते म्हणाले.

अप्पांनी सांगितलं ते (कोशात न चालणारं)

संपाचं दुसरं वर्ष. निम्मे बाप गावाला, निम्मे गिरणीच्या दारात. आया खानावळींत नाहीतर परक्याची धुणी धुवायला. चाळीत दिवसा नुसती पोरं. तशात हा डॉक्टर आला. माणूस वाईट नव्हता. पोरांची पोटं बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं. म्हणाला, लस नवीन आहे, आईबापांची संमती लागेल, सही आणा. टोचून घेणाऱ्या प्रत्येक पोराला किलोभर दूध पावडर.

अप्पा संपाचे स्वयंसेवक. म्हणाले, आणतो.

"मग?"

"मग काय मग? बाप कणकवलीला, सही कुठून आणू? पावडर तर हवी. एका बसणीत बेचाळीस केल्या. तीन पेनं घेऊन. जिथं सही येत नव्हती तिथं अंगठे, ते पण माझेच. डाव्या हाताचे, उजव्या हाताचे."

"आणि डॉक्टरांना कळलं नाही?"

"आंधळो होतो काय तो? बेचाळीस सह्या एका वळणाच्या. त्यानं कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, घडी घातली, खिशात ठेवला."

मंगळवारी सकाळी दहाला पटांगणात टेबल मांडलं. सुई बघून पहिल्याच पोरानं असा टाहो फोडला की बाकीची पांगायला लागली. अप्पांनी चाळीचं मोठं दार लावलं, आतून अडसर घातला. तिघं मोठी होती, नऊ-दहा वर्षांची. शेवंती, आनंदा, मनू. ती संडासामागच्या भिंतीवरून उड्या टाकून पळाली. सुईपासून लपायला थेट शिवडीला. ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता, खेकडे धरत आत आत गेली.

"आणि पावडरीचे डबे बेचाळीस वाटले," अप्पा म्हणाले. "त्यांच्या घरचे पण. डॉक्टरनं बेचाळीस लिहिले. एकूणचाळीस लिहायचे तर सह्यांचं निघालं असतं."

"दिवाळी अंकात आलं, पुस्तकात आलं, लसीनं मारली म्हणून. तुम्ही वाचलं नाहीत?"

"वाचलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"लोक डॉक्टरला शिव्या घालत होते. म्हटलं, घालू देत. त्याचा पण दोष होताच की कायतरी."

आणि ते पुन्हा वाल सोलू लागले. हाताला दुसरं काम नव्हतं म्हणून.

बारा वाजता वाक्य असं करून पाहिलं

लसीमुळे तीन मुलांचा मृत्यू झाल्याचा आरोप आहे. *(कुणाचा? फळ्याचा?)*

मृत्यूंचा लसीशी संबंध नव्हता. *(होता.)*

मृत्यूंचा लसीशी संबंध होता. *(नव्हता.)*

पालकांच्या बनावट सह्या करून ही चाचणी झाली, हे डॉ. सबनीस यांना ठाऊक होते. *(संदर्भ: वाल सोलणारा म्हातारा.)*

खोट्याला सात संदर्भ होते. खऱ्याला एक बाप.

तिनं चर्चा पानावर आपल्या खऱ्या नावानं लिहिलं: "या वाक्याचा मूळ स्रोत माझे वडील आहेत, हे मला आज कळलं. त्यामुळे यापुढे हा लेख मी संपादित करू शकत नाही." नियमच तसा होता, आणि तो तिनंच मतदानाला घातला होता. ज्याच्यावर लिहायचं त्यात आपलं माणूस असेल तर हात मागं घ्यायचा.

एक वाजता

"काढ ते वाक्य," कालिंदी श्रेयाला म्हणाली. "सहाचे सहा एकच आहेत, आणि तो एकही नाही."

"म्हणजे? मग खरं काय?"

कालिंदीनं दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या अप्पांकडे बघितलं. नुसतं "गाळ" म्हटलं तर संपलं असतं. वाक्य जाईल, अप्पा राहतील. गणपतीत पहिल्या आरतीचा मान, लिफ्टमध्ये पाया पडणारी पोरं, सगळं जागच्या जागी.

"तू फक्त गाळ ना."

"अगं, बाकी सगळे छापणार. मी एकटीनं गाळलं तर संपादक विचारेल, डॉक्टरला वाचवतेस का? मला कारण दे."

"दे इकडे," अप्पा म्हणाले आणि फोन तिच्या हातातून घेतला. "श्रेयाबाय, मी आत्माराम गावडे बोलतंय. वय सत्त्याहत्तर. लिहून घे."

त्यांनी सगळं सांगितलं. फळ्यावर लिहायचे तसं, तुटक, नेमकं. पलीकडे श्रेयाच्या कीबोर्डची टकटक मध्येच थांबली.

"अप्पा," ती म्हणाली, "हे भयंकर आहे. पण एकट्याच्या सांगण्यावर मला नाही छापता येणार. दुसरं कुणीतरी हवं. त्या दिवशी तिथं असलेलं."

एक वीस

तसा माणूस एकच होता, आणि त्याला कालिंदीनं बाहेर काढलं होतं. लेखाला हात लावायचा नाही असं ती लिहून बसली होती; बंदी मात्र तिनंच घातली होती, ती उठवणं तिचंच काम होतं. तिनं ती उठवली. निरोपाच्या चौकटीत बराच वेळ काही लिहिता येईना. शेवटी एवढंच जमलं: "मी चुकले. तुमची आठवण हवी आहे. कालिंदी गावडे, पारखे चाळ."

पंचवीस मिनिटांनी उत्तर आलं. नुसता मोबाइल नंबर.

रघु परब कुडाळला असतो, त्याचं मोटारींचं गॅरेज आहे. मागं पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता. कालिंदीनं श्रेयालाही जोडून घेतलं, फोन स्पीकरवर टाकला आणि मध्ये स्टुलावर ठेवला.

"बोला," रघु म्हणाला. "आता कसली आठवण हवी? डॉक्टर गेला म्हणून?"

"रघु, मी अप्पा गावडे."

ठोकाठोकी थांबली. त्यानं हातानं कुणाला तरी गप्प केलं असावं.

"जिवंत आहात?"

"आहे."

श्रेयानं एकेक विचारलं. सह्या? त्याला माहीत नव्हतं, तो सहा वर्षांचा. पण आईला कुणी विचारलं नव्हतं हे नक्की. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा तिला पहिल्यांदा दुधाचा डबा दिसला, आणि मग बाकीचं. दार लावलं होतं? हो. अप्पांनी? हो. शेवंतीला टोचलं? नाही. ती भिंतीवर चढली तेव्हा त्यानंच खालून तिचा पाय धरून वर ढकललं होतं.

"म्हणून मी ते वाक्य खोडत होतो," रघु म्हणाला. "आई एकदा कुणाच्या मोबाइलवर वाचून आली. लसीनं मेली म्हणून. चिखलात गेलं ते पोर, आणि लोकांनी सुईवर टांगलं."

"थँक यू, रघुदादा," श्रेया म्हणाली. "मला पुरेसं आहे. दोघांचं जुळतंय."

"जुळत नाय," रघु म्हणाला. "अप्पांनी सगळं नाय सांगितलं. मला टोचून झालं तेव्हा मी त्यांना जाऊन सांगितलं, शेवंती शिवडीला गेली. शिवडीलाच जाणार म्हणून ती मला सांगून गेलेली. मी अप्पांचा लेंगा ओढत होतो. ते म्हणाले, भूक लागली की येतील. इकडे बर्फ वितळतोय."

लसीच्या बाटल्या बर्फात ठेवल्या होत्या.

कालिंदी ताडकन सरळ बसली. "एक मिनिट. तुम्ही सहा वर्षांचे होता. चाळीस वर्षांपूर्वीचे शब्द इतके नेमके कसे आठवतील? याला काही..."

तिचाच आवाज तिच्या कानावर पडला. स्वच्छ, सभ्य, तीन वर्षांपूर्वी अकरा वेळा लावला होता तोच. पण तेव्हा ती निदान कोशाच्या बाजूनं बोलत होती.



"बरोबर सांगतोय तो," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज फळ्याचा राहिला नव्हता. "बर्फाचं मीच म्हटलं. लेंगो पण ओढलो त्याने. तो हात मी सोडवला."

कुडाळहून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

"अप्पा," श्रेया हळू म्हणाली, "मला विचारावं लागेल. किती वाजले होते तेव्हा?"

"अकरा."

"आणि भरती?"

"पाणी चढला साडेबाराच्या पुढे."

"लालबागहून शिवडी चालत किती?"

 कालिंदीला ते अंतर माहीत होतं; पुलापलीकडून लहानपणापासून कितीदा तरी गेलेली. अप्पांना आकडा सांगता येत नव्हता. श्रेया पलीकडे थांबून होती. रघुनं फोन ठेवला नव्हता.

"पंचवीस मिनिटं," कालिंदी म्हणाली. "लिही, श्रेया. पंचवीस."